दारावरचे दिवस आणि आईचा डोळा

कागदावर मी पशुधन पर्यवेक्षक आहे. गावोगाव मात्र मला ढोरांचा डॉक्टर म्हणतात, आणि मी डॉक्टर नाही हे सांगत बसायचा नाद मी केव्हाच सोडला. वीसेक वर्षं गाई-म्हशींमागे फिरून माणसाला एक सवय लागते. जनावर बोलत नाही, म्हणून आपण त्याच्याकडे नीट बघतो. कान पडलेत का, रवंथ थांबलंय का, डोळ्याच्या कोपऱ्यात चिकटा आहे का. माणसाकडे आपण असं बघत नाही. त्याला तोंड आहे, दुखलं तर सांगेल, या भरवशावर राहतो. मला हे शहाणपण आलं ते आईच्या डोळ्यापायी, आणि आलं तेही उशिराच.

आईला दिसायचं एकाच डोळ्यानं. उजव्या डोळ्यात लहानपणी गोवराच्या वेळी फूल पडलं आणि तो कामातून गेला. पुढचं सगळं आयुष्य तिनं डाव्या डोळ्यावर काढलं. कापूस वेचला, मिरचीचे देठ खुडले, सुईत दोरा ओवला, माझ्या बायकोच्या भाकरीला पडलेली बारीकशी चीरसुद्धा ओट्यावरून हेरली. बायको म्हणायची, "आईंना दोन्ही डोळ्यांनी दिसत असतं ना, तर मी नांदलेच नसते." आईला हे फार आवडायचं. आल्यागेल्याला ती स्वतःच हे सांगायची.

तर त्या डाव्या डोळ्यात पऱ्हाटीची काडी गेली. कापूस निघून गेला होता, वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून चुलीसाठी भारे बांधणं चाललं होतं. भारा उचलताना एक काडी डोळ्याला लागली. आईनं पदराचा बोळा करून त्यावर फुंकलं, डोळ्याला शेक दिला आणि पुन्हा कामाला लागली. दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मेडिकलवरून कसले तरी थेंब आणवले. त्यानं बरं वाटलं आणि मग एकदम वाईट झालं. मी पाहिलं तेव्हा बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. मी चिडलो, ओरडलो. माझा स्वभाव तसा आहे. गाईच्या मालकावर जसा ओरडतो तसाच घरच्यांवर ओरडतो. आई म्हणाली, "पोऱ्या, आता वरडीसन डाग जाई का?"

नंदुरबारच्या डॉक्टरांनी जखम खरवडून काचेवर बघितली आणि बुरशी आहे म्हणाले. शेतातल्या काडीकचऱ्याबरोबर ती डोळ्यात जाते, आणि मेडिकलवरचे चुकीचे थेंब तिला खतपाणी घालतात. त्यांनी औषध सुरू केलं, पण जखम खोल जात राहिली. शेवटी त्यांनीच चिठ्ठी लिहून आम्हाला सुरतेला पाठवलं.

सुरतेच्या डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा लहान. अर्धं हिंदी, अर्धं गुजराती बोलायच्या, पण समजावून सांगण्यात कंटाळा नव्हता. बुबुळावरची काच जखमेनं पातळ होत चालली आहे, म्हणाल्या. कधीही भोक पडेल. त्यावर एक पडदा शिवू या. हा पडदा बाळंतपणात वारेबरोबर येतो, बाळाभोवतीच्या पिशवीचा. बाळ-बाळंतिणीला त्याचा उपयोग संपलेला असतो, म्हणून आईच्या परवानगीनं घेतात, तपासतात, जपून ठेवतात.

मला हसावं की काय करावं ते कळेना. माझी निम्मी नोकरी जार, म्हणजे गाईची वार, अडकलेल्या गाईंत गेली आहे. खांद्यापर्यंत हात घालून मी ती काढली आहे, आणि कुत्र्यांनी ओढू नये म्हणून खड्डा करून पुरायला लावली आहे. त्यातला एक पातळ पापुद्रा माणसाचा डोळा वाचवतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आईला मात्र दुसरीच काळजी. आमच्याकडे वार अंगणात नीट पुरतात, कोणाच्या हाती लागू देत नाहीत. ती हळूच म्हणाली, "त्या लेकरूले काही व्हवाव नई ना?"

डॉक्टर बाईंना मी अर्थ सांगितला. त्यांनी आईचा हात धरून सांगितलं, काही होत नाही, ते बाळ मजेत आहे. मग आईनं विचारलं, पोरगा होता का पोरगी. ते काही कोणाला माहीत नव्हतं.

पडदा शिवला. डोळा शांत झाला, दुखणं कमी झालं. आठव्या दिवशी बघितलं तर पडदा विरघळून गेला होता आणि खालची जखम भरलेली नव्हती. बाई म्हणाल्या, पडदा विरघळणारच असतो, पण याला घाई झाली. दुसरा शिवला. तो एका बाजूनं टाक्यातून सुटला. दर खेपेला आई पट्टी काढताना विचारायची, "ऱ्हायना का?" आणि दर खेपेला मीच खोटं बोलायचो, की थोडा राहिलाय. शेवटी डोळ्यात खरंच बारीक भोक पडलं, आतलं पाणी झिरपू लागलं, आणि तातडीनं नेत्रदानातली काच बसवावी लागली. कोणा मेलेल्या माणसाची. त्या वेळी आईनं काही विचारलं नाही. नुसते हात जोडले.

ही काच टिकली. सोळा टाके होते, त्यातला एक सैल झाला आणि खुपू लागला, तो काढला. थेंबांमुळे डोळ्यातला दाब वाढला, त्यावर आणखी एक थेंब आला. पण टिकली. पट्टी काढल्यावर महिन्याभरानं आईनं स्टेशनवर आमच्या गाडीचा डबा स्वतः ओळखला, तेव्हा मला रडू आलं होतं हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

निघताना बाईंनी मला बसवून चार गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या. काच परक्याची आहे. शरीर तिला कधीही बाहेरची समजू शकतं, दोन महिन्यांनी किंवा दोन वर्षांनीसुद्धा. तसं झालं की डोळा लाल होईल. पाणी येईल. उजेड सोसणार नाही. अंधुक दिसेल. यातलं एकही झालं तरी त्याच दिवशी निघायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. वेळेत आलात तर काच वाचते. थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत.

मी ते भिंतीवर लिहून लावलं. सकाळ-दुपार-संध्याकाळ थेंब मीच टाकायचो, दुपारी मी फिरतीवर असलो तर बायको. माझ्या हाताला वासरांची सवय, मी हनुवटी धरून मान वर करायचो. आई म्हणायची, "मान सोड रे, मी काय म्हैस शे का?" मी म्हणायचो, म्हैस बरी, ती गप राहते. असं वर्षभर चाललं. डोळा काचेसारखा स्वच्छ होता. आई पुन्हा भाकरीतल्या चिरा काढू लागली.

मग मामा गेला.

मामाचं गाव तापीच्या पलीकडे. आईला तो एकटाच भाऊ आणि त्याला ही एकटीच बहीण. सकाळी शेतात पाणी द्यायला गेला आणि तिथेच बसल्याजागी संपला. आईला मी मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. निघताना बायकोनं थेंबांच्या बाटल्या तिच्या पिशवीत घातल्या, रुमालात बांधून. मामाचं आटोपलं, आणि मी तिला तिथेच सोडून परत आलो. लंपीची लस द्यायची मोहीम चालू होती. आई गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक फिटेपर्यंत, राहणार हे ठरलेलंच होतं.

आमच्याकडे कोणी गेलं की लोक दारावर येतात. सोयऱ्यांच्या गावांहून टेम्पो भरून बाया येतात. त्या अंगणात शिरतानाच मोठ्यानं रडू लागतात, आणि घरातल्या बायांनी उठून त्यांच्या गळ्यात पडून रडायचं असतं. एक टेम्पो जातो, दुसरा येतो. प्रत्येकीसाठी नव्यानं रडायचं. गेलेल्याची बायको तर असतेच, पण बहिणीचं रडणं लोक वेगळं ऐकतात. पदर तोंडावर ओढलेला असतो. पुरुष बाहेर मांडवात बसतात, बायांच्या खोलीत जात नाहीत. हे असं का, याचा मी कधी विचार केला नव्हता. लहानपणापासून बघत आलो होतो.

सहाव्या दिवशी मी गेलो. मांडवात बसलो, चहा झाला, निरोप पाठवला तसं आई दारापर्यंत आली. पदर भुवयांच्या खाली ओढलेला. मला बघून तिनं पदर थोडा वर केला आणि लगेच खाली घेतला. तेवढ्यात मला दिसलं. डोळे लाल होते, पाणी वाहत होतं, पदराचं टोक ओलं होतं.

"दवाई टाकी का?" मी विचारलं.

"टाकी रे," ती म्हणाली.

मी परत आलो. बायकोला सांगितलं, आई फार रडतेय. ती म्हणाली, "मामांवर जीव होता त्यांचा." आम्ही दोघंही जेवायला बसलो.

ज्या चार गोष्टी मी भिंतीवर लिहिल्या होत्या त्या चारही माझ्या पुढ्यात उभ्या होत्या. लाली होती, पाणी होतं, उजेड नको म्हणून पदर खाली होता, आणि ती दाराची चौकट चाचपत आली होती. मी बघितलं आणि मला वाटलं, बहीण आहे, रडणारच. एखाद्या म्हशीच्या डोळ्यातून असं पाणी येताना मी बघितलं असतं तर मालकाला शिव्या घालून तिथल्या तिथे पापणी उलटी करून बघितली असती. सुतकातल्या बाईला डोळे का लाल झाले असं कोण विचारतं?

गंधमुक्तीला आम्ही सगळे गेलो. त्या दिवशी सुतक फिटतं, कपाळाला गंध लागतं, गोडाचं जेवण होतं, आणि रडणं थांबतं. पंगती उठल्यावर बाया ओट्यावर येऊन बसल्या. पदर डोक्यावर गेले होते. किती दिवसांनी चेहरे दिसत होते. मामीसुद्धा कोणाशी तरी गव्हाच्या पाण्याबद्दल बोलत होती. सगळ्यांचे डोळे कोरडे होते, फक्त दमलेले. आई खांबाला टेकून बसली होती. तिचा उजवा डोळा, फूल पडलेला, पांढरा आणि कोरडा होता. डावा लालभडक होता आणि गळत होता.

रडून एकच डोळा लाल होत नाही. एवढं कळायला मला पंगतीचा शेवट गाठावा लागला.

मी सगळ्यांदेखत बायांच्यात शिरलो आणि तिची हनुवटी वर केली. काच पार धुरकटली होती. मागचं काळं दिसत नव्हतं. मी तिच्या पुढ्यात बोटं धरली आणि विचारलं, किती. ती म्हणाली, "हात दिखस. बोट नई." बायको पिशवी घेऊन आली. रुमालाची गाठ तिनं घरी बांधली होती तशीच होती.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण मामी समोर बसली होती. त्याच कपड्यांत आम्ही सुरतेची गाडी धरली. गाडीत आई अंगठ्यानं आपल्या दुसऱ्या हाताची नखं चाचपत बसली होती. मी मनात एकच हिशेब करत होतो. हा डोळा गेला तर उद्या सकाळी ती उठेल तेव्हा कुठलाच डोळा नसेल. तिला संडासाला कोण नेणार, हा विचारही आला. असे विचार येतात, मी काय करू.

बाई रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं रागावतील, तर बरं वाटलं असतं. त्यांनी डोळ्याच्या कडेला सुई दिली, आणि तासातासाला थेंब सुरू केले, दिवसा आणि रात्रीही. तीन दिवस बोटं दिसली नाहीत. बाई म्हणाल्या, दुसरी काच बसवता येईल, पण पहिली नाकारलेल्या डोळ्यात दुसरीचा भरवसा आणखी कमी असतो. पाचव्या दिवशी सकाळी आई म्हणाली, खिडकीला गज आहेत. मी मोजायला लावले. तिनं बरोबर मोजले. मी वॉर्डच्या बाहेर जाऊन दोन कप चहा पाठोपाठ प्यायलो.

काच वाचली, पण होती तशी झाली नाही. खालच्या बाजूला एक ढग राहिला. आई आता घरात फिरते, माणसं ओळखते, ताटातलं निवडून खाते. सुई ओवत नाही. बाईंनी स्पष्ट सांगितलंय, असा आणखी एक झटका आला तर ही काच वाचणार नाही.

मी महिनोन्‌महिने स्वतःला दोष दिला. आईलाही ऐकवत राहिलो, माझंच चुकलं, मी सहाव्या दिवशीच बघायला हवं होतं. ती हातातलं काम करत राहायची. मग एका दुपारी, अंगणात आम्ही दोघं तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो आणि मी पुन्हा तेच गाऱ्हाणं लावलं, तेव्हा तिनं शेंगा खाली ठेवल्या.

"तुन्हं काही चुकनं नई," ती म्हणाली. "माले पाचवा रोजलेच समजनं व्हतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय समजनं व्हतं?"

"डोया जाई ऱ्हायना म्हनीसन."

तिनं सांगितलं ते असं. पहिल्या दिवसापासूनच थेंब टाकले नाहीत. लोक दारावर येत होते. भाऊ गेला आणि बहीण डोळ्यात औषध घालत बसली, असं कोणी म्हणायला नको. पाचव्या दिवशी सकाळी दिव्याभोवती कडं दिसलं आणि उजेड टोचू लागला. चारही गोष्टी तिलाही पाठ होत्या, मीच पाठ करून घेतल्या होत्या. सातव्या-आठव्या दिवसानंतर तर येणाऱ्या बायांचे चेहरे दिसेनात, तरी ती त्यांच्या गळ्यात पडून रडत राहिली.

"मंग कोनाना गयामा पडी ऱ्हायनी हाई कशे समजे तुले?" मी विचारलं.

"रडाना आवाजवरथी," ती म्हणाली. "परतेकना येगळा ऱ्हास."

मग मी त्या सहाव्या दिवसाचं विचारलं, "मी वनू तधळ माले सांगं काबर नई?"

"तू माले उचलीसन सुरत लई जाता." ती अगदी साधेपणानं बोलत होती. "त्याले एकच बहीन. मी दारवरथी उठी जाती तं त्यानासाठे कोन रडतं?"

आणि मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर इतका कधी ओरडलो नसेन. मामी होती, भाच्या होत्या, गाव होतं, रडायला माणसं कमी होती का, मेलेल्याला काय ऐकू येणार होतं, आणि मी इकडे स्वतःला खात बसलो त्याचं काय, तुझा डोळा काय तुझ्या एकटीचा आहे का, असं सगळं. बायको आतून धावत आली. आई मान खाली घालून ऐकत होती. मग तिचे खांदे हलू लागले. मामाच्या घरी ती लोकांबरोबर मोठ्यानं रडली होती. हे रडणं तसं नव्हतं, त्याला आवाज नव्हता. भाऊ गेल्यानंतर ती पहिल्यांदाच स्वतःशी रडत होती, हे मलाही कळत होतं.

तरी मी उठलो. मोबाइलचा उजेड लावला आणि तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"माले सुखे रडू तं दे रे, पोऱ्या," ती म्हणाली.

मी हात काढला नाही. आधी डोळा बघितला, मग तिला रडू दिलं.